बाबा रूळ पाहत होते

शनिवार, १३ जानेवारी २०२४

आज माथेरानच्या गाडीत आम्ही सगळे दरी पाहत होतो आणि बाबा रूळ पाहत होते. घरी येऊन दोन तास झाले, पाय अजून लाल मातीने माखलेले आहेत, तरी ही नोंद उद्यावर ढकलायची नाही असे मी ठरवले आहे. कारण बाबांनी आज जे सांगितले, ते उद्या भोगीच्या भाजीच्या गडबडीत माझ्या हातून निसटून जाईल.

पहाटे डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली. वांगणी, शेलू मागे पडले तेव्हा उजाडले होते. नेरळला उतरताच तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो आणि ८.५० च्या गाडीत कशीबशी जागा मिळाली. आई, बाबा, हे, मी आणि आठ वर्षांची लेक, एवढे सगळे त्या इवल्याशा डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मुख्य मार्गाचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात, तर या गाडीचे अवघ्या ६१० मिलिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर. हे बाबांनी गाडी सुटण्याआधीच नातीला वीतभर हात पुढे-मागे सरकवून दाखवले.

बाबांची सारी नोकरी रेल्वेच्या रूळ विभागात झाली आणि त्यातली बरीच वर्षे कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात गेली. त्या घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माथेरानच्या मार्गावर काही ठिकाणी हाच चढ २० फुटांना एक फूट होतो. हा आकडा बाबांनी उच्चारला तेव्हा त्यांच्या आवाजात जो आदर होता, तो मी त्यांच्या तोंडून फार थोड्या गोष्टींबद्दल ऐकला आहे. १९६६ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर ते पहिल्यांदा या गाडीत बसले होते. तेव्हा इंजिन वाफेचे होते आणि ते वाटेत पाणी पिण्यासाठी थांबत असे. ‘वॉटर पाइप’ हे स्थानकाचे नाव कशावरून पडले, हे मला आज कळले.

जुम्मापट्टीला गाडी थोडा वेळ थांबली. आईने डब्यातून तिळाच्या वड्या काढल्या आणि आमच्या समोरच्या अनोळखी कुटुंबालाही दिल्या. बाबा मात्र खाली उतरून रुळाच्या कडेला उभे राहिले होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वळणावर आतल्या रुळालगत बसवलेला दुसरा रूळ दाखवला. चाक बाहेरच्या बाजूला घसरू लागले तर हा जोडरूळ त्याला आतून धरून ठेवतो. “इतक्या तीव्र वळणावर चाकाला रूळ सोडायचा मोह होतो,” ते म्हणाले, “म्हणून त्याच्या शेजारी कोणीतरी उभे करावे लागते.” मी हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवते आहे.

पुढे डोंगराच्या अंगाने गाडी घोड्याच्या नालासारखे मोठे वळण घेते. खिडकीतून पाहिले तर आपण ज्या रुळांवरून आलो ते खाली दिसतात आणि क्षणभर वाटते की गाडी माथेरानकडे पाठ फिरवून निघाली आहे. तिथे बाबांनी दार्जिलिंगच्या मार्गाची आठवण काढली. तिथे चढ चढण्यासाठी गाडी एका जागी थांबते, उलटी मागे जाते आणि मग वरच्या रुळावर पुढे निघते. इथेही तसे करता आले असते. परंतु गाडीला उलटे जावे लागू नये, म्हणून इथल्या अभियंत्यांनी नालाच्या आकाराचा भराव घातला आणि रूळ त्यावरून फिरवून आणले. लांबी वाढली, पण गाडी थांबली नाही. सुमारे ४० मीटर उंचीवरच्या नेरळपासून ८०० मीटरवरच्या माथेरानपर्यंत पोहोचायला या मार्गाने २१ किलोमीटर घेतले आहेत, आणि गाडीला त्यासाठी दोन तास चाळीस मिनिटे लागतात. तरुणपणी मला हा वेळ वाया गेलेला वाटला असता. आज मात्र त्या वेळात बाबा जितके बोलले, तितके ते वर्षभरात बोललेले नाहीत.

हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम उभे केले. खर्च १६ लाख रुपये झाल्याचे सांगतात. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी आपली बार्शी लाइट रेल्वे घडवली. इंजिने जर्मनीहून आली आणि त्यांचे पुढचे-मागचे आस वळणावर जरासे बाजूला सरकू शकत, म्हणूनच ती इथे चालू शकली. पण बाबांना या थोरामोठ्यांच्या नावांपेक्षा, ज्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत अशा माणसांबद्दल अधिक बोलायचे होते. कातळ फोडून ही वाट कोणी काढली, एवढे रूळ या कड्यावर कोणाच्या खांद्यांवरून चढले, हे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे गाडी थांबली. २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग पुन्हा खचला, तो ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी वर जाऊ शकली नाही. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचे स्थानक) हा टप्पा बंदच असतो. मी एवढी वर्षे या बातम्या वाचून नुसती हळहळत असे. आज बाबांनी खिडकीतून जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती, रुळांखालचे नवे काँक्रीटचे स्लीपर आणि दरीकडेचे कठडे दाखवले, तेव्हा त्या बातम्यांमागचे कष्ट मला पहिल्यांदा दिसले. डोंगर दरवर्षी सरकणार आणि माणसे दरवर्षी तो आवरणार. बाबांनी थळ घाटात पावसात, हातात कंदील घेऊन, आयुष्यभर हेच केले. आम्ही लहान असताना ते रात्री घरी नसत, याचा माझ्या मनात कुठेतरी राग होता. आज तो राग कुठे गेला, मला कळले नाही.

माथेरानला उतरल्यावर बाजारातून चालत थोडे फिरलो, चिक्की घेतली. मोटारी नसलेल्या त्या गावात आईचे गुडघे दुखत असूनही ती सावलीतून शांतपणे चालली. पॉइंट पाहण्याची घाई कोणालाच नव्हती. परतीची तिकिटे मात्र मिळाली नाहीत, म्हणून शटल गाडीने अमन लॉजपर्यंत आलो आणि तिथल्या दस्तुरी नाक्याहून, जिथपर्यंत मोटारी येतात, टॅक्सीने उतरलो.

घाटात जिथे रस्ता रूळ ओलांडतो, तिथे टॅक्सी थांबली. वरून गाडी उतरत होती. बाबा दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ताठ उभे राहिले. डबे एकेक करून अगदी जवळून गेले. शेवटी बसलेल्या रेल्वेच्या माणसाने बाबांकडे पाहिले. बाबांनी हात वर केला आणि त्यानेही केला. गाडी वळणाआड गेल्यावरच बाबा परत येऊन बसले आणि नेरळपर्यंत काही बोलले नाहीत.

जेवण झाल्यावर नातीने त्यांना विचारले की गाडी माथेरानला जायची असताना उलट्या दिशेने का निघाली होती. बाबांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे पान उलटे करून त्यावर पेन्सिलीने डोंगर काढला, त्याला वेढणारे वळण काढले, वळणाच्या आतल्या बाजूला जोडरुळाची बारीक दुसरी रेघ काढली. ते पान आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. नालाच्या मध्यावर तिने स्वतः पाच ठिपके काढून खाली आम्हा सगळ्यांची नावे लिहिली आहेत, आणि आजोबांचा ठिपका डब्यात न काढता रुळाच्या शेजारी काढला आहे.