परत आलेल्या मालाचं बिल शोधताना

नागपूरच्या गांधीबागेत आमचं औषधांचं ठोक दुकान आहे. वडिलांनी उभं केलं, हिशेब आणि कॉम्प्युटर आता माझ्याकडे. एका मे महिन्यात भर दुपारी बिलिंगवरच्या मुलाने हाक मारली, "दादा, बिल निघून नाही राहिलं." स्क्रीनवर दोनच शब्द होते: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

आमचा प्रोग्राम ॲक्सेसवर होता, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच फाईलीत ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर. ॲक्सेसची फाईल २ जीबीच्या पुढे जात नाही, मशीन कितीही मोठं असो. आमची तिथवर पोचली होती. औषधांच्या धंद्यात नोंदी फार लवकर वाढतात. एकच गोळी तीन बॅचमधून दिली की बिलात तीन ओळी, प्रत्येकीला वेगळी एक्सपायरी. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा त्या प्रत्येक ओळीला एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) आणि कराचे रकाने जोडले गेले.

आधी मी रॅम वाढवली. पैसे गेले, फरक शून्य. फाईल एका मशीनवर पडून असते, शोधायचं काम मात्र काउंटरवरचं प्रत्येक मशीन स्वतः करतं, म्हणजे नोंदींचे ढीग नेटवर्कच्या तारेतून ओढले जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग वर्षवार फाईली केल्या. बाजारात पुष्कळ जण हेच करतात, ३१ मार्चला जुनं वर्ष बंद, १ एप्रिलला नवी फाईल. आमच्याकडे ते अंगाशी आलं, कारण औषध परत येतं. दीड वर्षापूर्वी विकलेली स्ट्रिप केमिस्ट एक्सपायरीत घेऊन येतो, आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम त्याच्या खात्यात जमा केल्याचा कागद, करायला मूळ बिलावरचा दर, स्कीम, कर सगळं लागतं. ते बिल तीन फाईलींत शोधायचं, समोर माणसं उभी. अशा घाईत उमरेडकडच्या एका जुन्या गिऱ्हाईकाला आम्ही कमी दराने क्रेडिट दिलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या. मला ते फार लागलं.

जुनं पुसून टाकायचा विचारही केला. सीएंनी थांबवलं: वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायलाच हवा.

शेवटी धरमपेठेतल्या एका प्रोग्रामर मित्राच्या मदतीने पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसवर जायचं ठरलं. ते फुकट मिळतं, आणि शोधायचं काम सर्व्हर करतो, काउंटरला फक्त उत्तर येतं. खरी मेहनत डेटा साफ करण्यात गेली. बॅच नंबरात शून्याच्या जागी 'ओ', मध्येच स्पेस, कुठे ३१ जून ही तारीख! खरेदीची कागदी बिलं काढून मी आणि वडील रात्री दहापर्यंत एकेक बॅच ताडून पाहत असू. वडिलांना कॉम्प्युटर येत नाही, पण कुठल्या कंपनीची बॅच कशी सुरू होते हे त्यांना पाठ आहे. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं.

नव्या जागीही बॅचचा शोध रेंगाळत होता. शोध कसा चालतो हे दाखवणारी 'एक्सप्लेन' ही आज्ञा चालवून पाहिली तर सर्व्हर दरवेळी सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचत होता. बॅचवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायला लावलेली सूची, होता, पण आमचा शोध लहान-मोठी अक्षरं एकसारखी करून चालायचा आणि इंडेक्स मूळ अक्षरांवर बांधलेला, म्हणून तो वापरलाच जात नव्हता. बदललेल्या रूपावरच इंडेक्स बांधला आणि बिल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच समोर आलं. आपण फळीवर औषधं अक्षरवार लावतो म्हणून हात नेमका जातो, तसंच हे.

महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवलं. रोज संध्याकाळी बेरजा जुळवायचो, काही पैशांचा फरक उरायचा. जुन्या फाईलीत रकमा डबल प्रकारात ठेवल्या होत्या, त्यात दशांश नेमके साठत नाहीत. नव्या रचनेत दशांश नेमके ठेवणारा न्यूमेरिक प्रकार घेतला होता, आणि त्याचाच आकडा बरोबर निघाला.

सर्व्हर पोटमाळ्यावर होता, कूलरच्या शेजारी. नागपूरचा मे, पारा ४५ वर, त्यात कूलरची ओल. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं म्हणून फ्रिजला आम्ही कधीपासून इन्व्हर्टर लावला होता, हिशेबाला मात्र काहीच नव्हतं. आता खाली बंद खोलीत एसी आणि यूपीएस आहे. रोज रात्री बॅकअप निघतो, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून मी स्वतः बिलं तपासतो.

सगळं मार्गी लागल्यावर पहिलं काम उमरेडच्या त्या काकांचं केलं. त्यांची परत आलेली प्रत्येक बॅच मूळ बिलाशी लावली, फरकाची रक्कम काढली आणि फोन केला. "काका, तुमचे आमच्याकडे पैसे राहिले होते." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं तुमाले माहीतच नाही."