आजी घाटावर निघाली की: हर्णै ते महाबळेश्वर, कोजागरीनंतरचा मुक्काम

कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैहून आजीला महाबळेश्वरला न्यायची तारीख तिलाच विचारून ठरवायची, आपल्या रजेवरून नाही. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात दसऱ्याच्या मागेपुढे कापून झोडून होतं, गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, दिवाळीपर्यंत शेतात उभं असतं. गरवं उभं असताना तिला गाडीत बसवलंत तर माणूस महाबळेश्वरात आणि जीव खळ्यावर, मग तिसऱ्या दिवसापासून "पाऊस पडला का रे तिकडे?" सुरू होतं. त्यात ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट करून येणारा पाऊस कापलेल्या भाताचा वैरीच, त्यामुळे तिची काळजी खोटीही नसते.

घरचं भात हळवं असेल तर सगळ्यात सोयीचा काळ कोजागरी ते नरक चतुर्दशी. पौर्णिमा ते वद्य चतुर्दशी असे चौदा दिवस मिळतात आणि शाळांना सुट्टी लागेपर्यंत तरी महाबळेश्वर मोकळं असतं. दुसरी फट भाऊबीज ते तुळशीचं लग्न. ती जेमतेम नऊ-दहा दिवसांची, आणि नेमकी तेव्हाच पर्यटकांची झुंबड. कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीपाशी ऊस आणि चिंचा-आवळे घेऊन आजी आपल्याच अंगणात उभी असणार, हे धरूनच चाला. चार दिवसांसाठी मात्र नेऊ नका. पहिले दोन दिवस तिचं पोट आणि झोप ताळ्यावर येण्यात जातात, शेवटचा दिवस बांधाबांधीत. मग राहिलं काय?

दापोलीला "मिनी महाबळेश्वर" म्हणतात, त्यावर विसंबून तयारी करू नये. दापोली समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे. एवढ्या उंचीवर हवा विरळ होऊन त्रास होत नाही, तो प्रकार अडीच हजार मीटरच्या पुढचा. आजीला बाधतो तो गारठा आणि कोरडेपणा. हर्णैला ऑक्टोबरच्या दुपारी 32-33 अंश आणि अंगाला चिकचिक, तर महाबळेश्वरला त्याच आठवड्यात पहाटे 15-16. एका सकाळच्या प्रवासात एवढा फरक पडतो.

रस्ता असा: हर्णै, दापोली, खेडचा भरणे नाका, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर, आणि पोलादपूरहून उजवीकडे आंबेनळी घाट. दापोलीपासून साधारण 115 किलोमीटर, पण वेळ चार तासांचा धरा, कारण शेवटच्या चाळीसेक किलोमीटरमध्ये बाराशे-तेराशे मीटर चढायचं असतं. या घाटात पावसाळ्यात दरडी येतात आणि डागडुजी पुढे ऑक्टोबरातही चालू असू शकते. आदल्या दिवशी पोलादपुरात कुणाला तरी फोन करून रस्ता सुरू आहे का ते विचारावं. सकाळी सहाला निघालं की ऊन चढायच्या आत घाट संपतो. संध्याकाळी मात्र घाटात शिरू नये. धुकं उतरतं आणि वळणावर समोरचा दिवा अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

गाडी लागणं हा या प्रवासातला मुख्य शत्रू, आणि त्यावरचे घरगुती उपाय अर्धेच खरे. रिकाम्या पोटी निघू नये, भरल्या पोटीही नाही. निघताना दोन घास मऊ भात किंवा कोरडी भाकरी पुरे. चहा पोलादपूरला घ्यावा तोही कोरा, दुधाचा नको. आजीची जागा पुढची, काच दोन बोटं उघडी, नजर लांबच्या डोंगरावर. मागच्या सीटवर नातवंडांच्या मोबाइलमध्ये डोकं घातलं की दहाव्या वळणाला पिशवी शोधायची वेळ येते. आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात ठेवल्याने बरं वाटतं, आणि गिळत राहिल्याने कानाचे दडेही सुटतात. उलटीची गोळी द्यायची तर निघण्याच्या अर्धा तास आधी आणि डॉक्टरांना विचारूनच. तिने म्हाताऱ्या माणसाला दिवसभर गुंगी राहते, तोंड कोरडं पडतं, आणि परक्या घराच्या पायरीवर गुंगीत पाय टाकला की पुढचं सांगायला नको.

बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हेही डॉक्टरांनाच विचारा. बऱ्याच आज्या ती परस्पर बुडवतात आणि शिवाय पाणी पिणंच बंद करतात, कारण वाटेत जायचं कुठे? हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. थांबा भरणे नाक्याला एक, पोलादपूरला एक. घाट चढताना वाडा-कुंभरोशीला, म्हणजे प्रतापगडाच्या फाट्याजवळ, हॉटेलं आहेत. मधे काही नाही. प्रत्येक ठिकाणी आत जाऊन आधी सुनेने बघून यावं, मग आजीला उतरवावं.

एसटीने नेत असाल तर 75 पूर्ण झालेल्यांना तिकीट लागत नाही, त्याखालच्या वयाच्या बायकांना अर्धं. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवं. मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या सीटवर धक्के जास्त बसतात, म्हणून पुढच्या तीन-चार रांगांतच जागा धरा.

आता आजीच्या सामानाबद्दल. ते कमी करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. नीट बांधायला मदत करा.

नारळ सोलताना डोळ्यांवरची शेंडी ठेवायची. साफ गुळगुळीत केलेला नारळ वरच्या कोरड्या हवेत लवकर तडकतो आणि डोळ्यांपाशी खवट होतो. दहा नारळ म्हणजे पाच-सहा किलो वजन, ते पायाशी नको, डिकीत टाका. सुकी मासळी उन्हाळ्यात वाळवलेली असते आणि चार महिन्यांच्या पावसाने तिला ओल धरलेली असते. तशीच बांधली तर डबा उघडताना बुरशी. ऑक्टोबरचं कडक ऊन त्यासाठी देवासारखं. सोडे, जवळा, बोंबील दोन दिवस उन्हात घालून, निवल्यावर, आधी वर्तमानपत्रात आणि मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. गरम असतानाच भरलं की आत घाम धरतो. डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिला गाठ, नाहीतर एसटीतली माणसं कोकणचा वास पोलादपूरपर्यंत सोसतील, पुढे नाही.

आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली गळ्यापर्यंत भरू नये. वर चढताना बाहेरच्या हवेचा दाब सात भागांतला एक भाग कमी होतो, आतली हवा फुगते आणि झाकणातून लाल आगळ पाझरून नव्या साडीवर येतं. तीन-चार बोटं जागा सोडा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, बाटली उभी राहील अशी पातेल्यात ठेवा. वेफर्सची पिशवी घाटात उशीसारखी फुगते, तीही याच कारणाने.

स्वयंपाकात आजीचा पहिला अपमान भात करतो. महाबळेश्वरात पाणी शंभर अंशाला उकळत नाही, 95-96 लाच उकळतं. उकळी दिसते, पण तिच्यात तेवढी धग नसते. घरून आणलेला उकडा तांदूळ उघड्या पातेल्यात नेहमीच्या वेळेत शिजत नाही, कणी राहते, आणि ती म्हणते इथलं पाणीच वाईट. पाण्याचा दोष नाही. तांदूळ पाऊण तास भिजत घाला, कुकरला एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. कुळीथ, वाल, चवळी यांनाही तेच. पेज उघड्यावरच करायची असेल तर झाकण ठेवा आणि जास्त वेळ धरा.

दुसरी गोष्ट आंबवण्याची. खाली रात्री भिजवलेलं आंबोळीचं पीठ सकाळी भांड्याबाहेर येतं. इथे ते सकाळी जसंच्या तसं असतं. त्याला गोधडीत गुंडाळून सोळा-अठरा तास द्यावे लागतात, तरी भरवसा नाही. त्यापेक्षा घावन करा, त्याला आंबवायचं नसतंच. दही लावताना दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त कोमट ठेवा, विरजण दुप्पट घाला आणि भांडं तांदळाच्या डब्यात पुरा. खोबरेल तर 24 अंशांच्या खाली थिजतंच. आजीने भेसळ म्हणून बाटली टाकून देण्याआधी ती गरम पाण्यात धरून दाखवा.

घर आधी तपासायचं ते रात्रीच्या नजरेने. पलंग तिच्या गुडघ्याएवढा उंच, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. खूप मऊ गादी नको, उठताना हात रुततो. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर एक छोटा दिवा रात्रभर, आणि वाटेतली पायपुसणी उचलून टाका. गुळगुळीत फरशीवर लोकरीचे मोजे म्हणजे घसरगुंडी, तळाला रबराचे ठिपके असलेले घ्या. स्वेटर डोक्यातून घालायचा नको, पुढून बटणांचा. खांदा वर होत नसला तर ती कुणाला सांगणार नाही, नुसती कुडकुडत बसेल. थंडी खालून येते, म्हणून अंगावर तिसरी शाल टाकण्याआधी अंगाखाली एक गोधडी वाढवा. गरम पाण्याची पिशवी दोन तृतीयांश भरून, हवा काढून, फडक्यात गुंडाळून द्यावी. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल तर पिशवी पायाशी नकोच. भाजलेलं कळतसुद्धा नाही.

जुन्या बंगल्यांच्या पायऱ्या जांभ्याच्या असतात, आजीच्या ओळखीचाच दगड. पण इथला पाऊस वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढचा, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ टिकून राहतं. ती येण्याआधी खराट्याने घासून घ्या, एका बाजूला दोरी किंवा बांबूचा कठडा बांधा.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवून दार-खिडकी लावून आंघोळ करायची नाही. दोन्हीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते, आणि तो तिथेच पडतो. आजीला पहाटे पाचला आंघोळ करून पूजेला बसायचंच असतं, त्यावर वाद घालू नका. बादली तुम्ही भरा, गीझर बंद करा, दोन मिनिटं खिडकी सताड उघडी ठेवा, ती लावून मगच आजीला आत पाठवा. आत स्टूल, अंगाला टॉवेल गुंडाळलेला, कडी न लावता. थंडीत बीपी वाढतं, त्यामुळे घरी यंत्र असेल तर पहिला आठवडा रोज एकाच वेळी मोजून लिहून ठेवा.

आणि पाणी. गारठ्यात तहान लागत नाही, मग बद्धकोष्ठ, मग लघवीची जळजळ, मग रात्री उठणं. थर्मासमध्ये कोमट पाणी भरून तिच्या हाताशी ठेवलं की ती आपोआप पिते. तांब्यातलं गार पाणी मात्र तसंच राहतं. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर अर्थातच ती पाळायची.

फिरायला काय दाखवावं? पॉइंट फार नकोत. संध्याकाळी मुंबई पॉइंटला सूर्यास्ताची गर्दी, वारा, आणि हातातली पिशवी ओढणारी माकडं. जिने हर्णै बंदरात रोज सूर्य बुडताना पाहिलाय तिला त्याचं अप्रूप नाही. प्रतापगडाच्या पायऱ्या तर गुडघ्यांचा विचार करून सोडूनच द्या. स्ट्रॉबेरीचाही हट्ट नको. ऑक्टोबरात तिची नुकती लागवड झालेली असते, फळ नोव्हेंबरअखेरपासून.

क्षेत्र महाबळेश्वर मात्र चुकवू नये. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचा उगम मानतात. यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. तीच खाडी, जी हर्णैची माणसं केळशीच्या पलीकडची म्हणून ओळखतात. गोमुखातून पडणाऱ्या धारेकडे बोट दाखवून हे सांगितलं की आजी तिथून लवकर हलत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच जा. आतली फरशी ओली आणि बर्फासारखी असते, चपला बाहेर काढाव्या लागतात. म्हणून सकाळी अकराच्या पुढे, आठवड्याच्या मधल्या वारी जावं, एकाने कोपराला धरावं आणि बाहेर आल्यावर घालायला कोरडे मोजे पिशवीत असावेत.

परतताना गाजरं, मटार, मुळे मिळतील तेवढे न्या, पण प्लॅस्टिकमध्ये नको. खाली उतरल्यावर उकाड्याने दुसऱ्या दिवशी पाण्याचा लगदा होतो. गोणपाटात बांधा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय दाबून नको. ब्रेक तापतात आणि आजीलाही प्रत्येक दाबाबरोबर मळमळतं. आगळाची रिकामी बाटली झाकण लावून परत नेत असाल तर पोलादपूरला ती आत चेपलेली दिसेल. झाकण सैल करा, पुन्हा गोल होते. आणि पुढच्या वर्षी तीच भरून येते.