सड्यावरच्या सायकली आणि वाडीचे नाव

अमेरिकेत माउंटन बाइकिंग करणाऱ्यांत कृष्णवर्णीय इतके कमी का, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: त्यांची वस्ती शहरात, डोंगरातल्या वाटा दूर आणि सायकली महाग. हे उत्तर खोटे नाही, परंतु गुहागर-चिपळूण भागातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, सायकल चालवणाऱ्या मला ते अपुरे वाटते. आमच्याकडे या वाटांच्या सर्वांत जवळ राहतात ते धनगरवाड्यांतले आणि कातकरी वाड्यांतले लोक. ज्या पायवाटांवरून आम्ही रविवारी सकाळी हेल्मेट घालून उतरतो, त्या मुळात त्यांच्या वहिवाटीच्या. तरीही आमच्या गटात त्यांच्यापैकी एकही जण नाही. अडचण केवळ अंतराची असती, तर हा गट त्यांनीच भरलेला असता.

हा खेळ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, सुखवस्तू आणि बहुतांशी गोऱ्या वस्तीतल्या मित्रमंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवत सुरू केला, आणि पुढेही तो ओळखीपाळखीतूनच पसरला. सायकलविश्वाचे दार मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद झाले होते. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संघटनेने १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारले. पाचच वर्षांनी मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू माँट्रियलला जगज्जेता ठरला, तरी त्या ठरावाचा औपचारिक निषेध करायला संघटनेला १९९९ साल उजाडावे लागले.

आमच्या गटाने असा कोणताही ठराव केलेला नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. प्रवेश होतो तो व्हॉट्सअॅपवर, कोणाच्या तरी ओळखीने. आणि नवा माणूस आला की पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही कुठल्या वाडीतले?’ कोकणात कुणबीवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी अशी नावे असताना या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक वेळा जातही येऊन जाते. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही, पण ऐकणाऱ्याला ते कळते.

पैशांचा अडसर तर उघडच आहे. बऱ्यापैकी सायकल ५० हजारांच्या पुढे, तांबड्या चिखलाने ब्रेक पॅड भराभर झिजतात, आणि हायड्रॉलिक ब्रेकचे काम जाणणारा मेकॅनिक शोधत तालुक्याबाहेर जावे लागते. त्याहून कमी बोलला जाणारा अडसर संशयाचा आहे. कलमांच्या बागेच्या कडेने आम्ही गेलो तर राखणदार पाणी विचारतो. त्याच वाटेने जुन्या सायकलवर कातकरी मुलगा गेला, तर त्याला ‘इथे काय काम?’ असे विचारले जाते. जॉर्जियात २०२० मध्ये अहमूद आर्बरी हा कृष्णवर्णीय तरुण धावत असताना, चोर असल्याच्या संशयावरून त्याचा पाठलाग करून त्याला ठार मारण्यात आले. तिथल्या अनोळखी वाटांवर एकट्या कृष्णवर्णीय माणसाला कसली धास्ती वाटत असेल, हे समजण्यासाठी आम्हाला फार लांब जायला नको.

डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतींचे, माजी स्पर्धक एलियट जॅक्सन यांच्या ग्रो सायकलिंग फाउंडेशनने लॉस एंजेलिसलगतच्या इंगलवुडमध्ये, म्हणजे लोकवस्तीतच, पंप ट्रॅक, म्हणजे उंचवटे आणि वळणे असलेला सायकलींचा छोटा ट्रॅक, उभारण्याचे काम हाती घेतले. तिथे वाट माणसांपर्यंत न्यावी लागली. आमच्याकडे वाट दारातच आहे. जुळत नाही तो हंगाम. दिवाळीनंतर सडा कोरडा होतो आणि आमच्या राइड सुरू होतात, तेव्हा अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून गेलेली असतात. पावसाळ्यात ती घरी असतात, पण तेव्हा कातळावर शेवाळ धरते आणि आमच्या सायकली पडवीत उभ्या राहतात. त्यांतल्या दोन-तीन सायकली जून ते सप्टेंबर वाडीतच ठेवाव्यात आणि कातळ टाळून खडीच्या रस्त्यांवरून मुलांसोबत राइड काढाव्यात, असे मी गटात सुचवले आहे. त्यावर आलेला पहिला प्रश्न, सायकली परत मिळतील का, हा होता.