गेमच्या डब्याला एव्ही: उभ्या रेषा, आडवे पट्टे आणि फवारणी पंपाची बॅटरी

जुन्या टीव्ही गेमच्या डब्यातून अँटेनाच्या वायरऐवजी सरळ एव्ही, म्हणजे टीव्हीच्या गोल व्हिडिओ सॉकेटात जाणारं चित्र काढायचं आहे, मागच्या वेळी डबा उघडून ठेवला होता तिथूनच पुढचं लिहून राहिलो. दादाचा जुना कॅसेटवाला गेम, हिंगणघाटच्या बाजारातून घेतलेला, त्याला फक्त आरएफ वायर, म्हणजे चित्र चॅनलसारखं पाठवणारी, अँटेनाच्या भोकात खुपसायची अन चॅनल जुळवत बसायचं. आत नशिबाने दोन मोठे आयसी निघाले, यूएमसीचे यूए६५२७पी आणि यूए६५३८, पहिला सीपीयू, दुसरा चित्र बनवणारा पीपीयू, दोन्ही ४० पायांचे. तुमच्या बोर्डावर डांबरासारखा काळा गोळा असेल तर हे असंच्या असं होणार नाही, तिथे सगळं एकाच चिपमध्ये असतं, पाय धरायला जागाच नाही. क्रिस्टलवर (चिपला ठोके देणारा भाग) २६.६०१ मेगाहर्ट्झ लिहिलंय, म्हणजे पाल या आपल्याकडच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीतल्या ४.४३ च्या सहापट, त्यामुळे आपल्याकडच्या टीव्हीवर रंग येणार याची काळजी नव्हती.

आरजीबी, म्हणजे तीन रंग वेगवेगळ्या वायरीतून, काऊन नाही काढत असं दोघातिघांनी विचारलं. भाऊ, या चिपमधून लाल हिरवा निळा वेगळा बाहेर येतच नाही, कंपोझिट, म्हणजे रंग अन उजेड एकत्र मिसळलेला सिग्नल, आतच तयार होऊन एकाच पायातून निघतं. त्यामुळे रंग अन उजेड वेगळे नेणारा एस-व्हिडिओ पण नाही. जे एक कंपोझिट आहे तेच टीव्हीपर्यंत धड पोचवायचं, माझं सगळं काम एवढंच आहे. आरएफमध्ये तेच चित्र आधी कॅरिअरवर, म्हणजे चॅनलच्या रेडिओ लहरीवर, चढवायचं अन टीव्हीने परत उतरवायचं, या चढउतारातच अर्धा घाण होते.

तर तो पाय म्हणजे २१ नंबर. आयसीची खाच वर धरली की १ आणि ४० वरच्या टोकाला, २० आणि २१ खालच्या टोकाला समोरासमोर. तिथून सरळ टीव्हीला वायर जोडायची नाही, टीव्हीचे ७५ ओहम त्याला झेपत नाहीत, मधे एक ट्रान्झिस्टर लागतो. मी बीसी५५७ घेतला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटरला ५ व्होल्टकडून १५० ओहम, अन एमिटरवरूनच एक रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून आरसीए, म्हणजे ते गोल व्हिडिओ सॉकेट. पहिल्यांदा स्क्रीन पूर्ण काळी. दोन तास गेले, कारण माझ्याकडची आकृती २एन३९०६ ची होती, त्यात सपाट बाजू समोर धरली की एमिटर, बेस, कलेक्टर, अन बीसी५५७ मध्ये नेमकं उलट, कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा करून लावला अन चित्र आलं. शेवटच्या रेझिस्टरला ७५ ठेवल्यावर थोडं अंधारं वाटलं, ४७ वर बरं आहे, तुमच्या बोर्डावर वेगळं असू शकते.

हे सगळं छपरीत बसून केलं, आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, तिथे सोल्डरिंग आयर्न न्यायचा प्रश्नच नाही. घरात कापूस असेल तर कोणीच नेऊ नका, खरंच सांगतो.

आता खरी गोष्ट. चित्र आरएफपेक्षा लय साफ होतं, अक्षरं वाचता यायला लागली, पण मारिओच्या निळ्या आभाळात उभ्या फिकट रेषा, जेलच्या गजांसारख्या, आणि संध्याकाळ झाली की वरून दोन रुंद आडवे पट्टे, हळूहळू सरकणारे. मी दोन्हीला एकच दोष समजत होतो. ग्राउंड बदल, वायर बदल, शिल्ड वायर लाव, तीन रात्री असंच. माय म्हणे, "काऊन रे, अजून जागूनच राहिला का?"

मग लक्षात आलं की आडवे पट्टे दुपारी नसतातच. हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो अन घरात १७० व्होल्ट. माझा ९ व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टरचा व्होल्टेज तेव्हा पडतो, आणि डब्यातल्या ७८०५ ला, म्हणजे ५ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या चिपला, ५ व्होल्ट धड द्यायला अडॅप्टरकडून निदान ७ तरी लागतात. त्याच्या खाली गेलं की अडॅप्टरची १०० हर्ट्झची लहर तशीच आत. चित्र ५० हर्ट्झचं, म्हणून स्क्रीनवर बरोबर दोन पट्टे.

खात्री करायला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढली अन डबा तिच्यावर लावला. आडवे पट्टे पूर्ण गायब! उभ्या रेषा जशाच्या तशा. त्या एका मिनिटात तीन रात्रींचा गुंता सुटला, दोन दोष, दोन कारणं. (बॅटरीवर ७८०५ चांगलाच तापतो, हीटसिंक लावूनच करा.)

उभ्या रेषांचं कारण बोर्डातच. पीपीयू प्रत्येक ८ पिक्सेलला मेमरीतून पुढच्या टाइलचा डेटा उचलतो, त्या डिजिटल लायनी व्हिडिओच्या पट्टीला खेटून जातात अन त्यांची खरखर चित्रात शिरते. प्रत्येक ओळीत त्याच जागी शिरते म्हणून उभी रेष दिसते. उपाय एकच, २१ नंबरला बोर्डापासून तोडायचं. पाय बोर्डाजवळ बारीक कटरने कापला आणि सुईने वर उचलला, एकदाच वाकवायचा, दुसऱ्यांदा वाकवला तर बुडापासून तुटतो अन आयसी गेला. श्वास रोखून केलं. ट्रान्झिस्टर तिथेच आयसीच्या पाठीवर चिकटवला, वायर एक इंचसुद्धा नाही, आणि २० व ४० नंबरच्या पायांमधे ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. आता आरएफ बंद पडलं, त्याचं दुःख नाही.

रेषा पूर्ण गेल्या असं म्हणणार नाही, स्क्रीनला नाक लावलं तर आभाळात पुसट दिसतात. खाटेवरून नाही दिसत. रंगाच्या कडेला मुंग्या चालतात ते कंपोझिटचंच आहे, ते राहणार.

आवाज सीपीयूच्या १ आणि २ पायांवरून बोर्डावर एकत्र होतो, आरएफ डब्बीत जायच्या आधी तिथूनच घेतला, काहीच त्रास नाही.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर पाहाल तर डोळे निवतात. शेजारच्या एलईडीवर मात्र पळणारा माणूस कडेला फाटल्यासारखा दिसला, हा डबा दरवेळी ३१२ ओळींचं सरळ चित्र देतो अन तो टीव्ही त्याला इंटरलेस्ड समजून दोन-दोन चित्रं जोडून राहिला.

बॅटरी उद्या पंपात परत पाहिजे, फवारणी आहे. म्हणून सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तो १०० व्होल्टपासून चालतो, मोटरी सुरू असतानाही पट्टा नाही. पण जोडायच्या आधी मीटरने पाहा, त्याचा आतला पिन प्लस असतो अन माझ्या डब्याला आत मायनस लागतो, मी वायर उलटून घेतली. त्याच्यावर गडद रंगात बारीक वाळूसारखं काहीतरी दिसते, बॅटरीवर नव्हतं. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात कोणी गेलं की एक कॉइल अन २२०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणायला सांगितलाय, ते ७८०५ च्या आधी लावून पाहतो अन सांगतो.