तुम्ही विचारलंत म्हणून: बार किती उंचीवर लावायचा?

नव्या डान्स स्टुडिओचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, बॅलेचा बार किती उंचीवर लावायचा?" बार म्हणजे भिंतीलगतचा आडवा दांडा. त्यावर हात ठेवून बॅलेचा रोजचा सराव सुरू होतो. उंची मी सांगतेच, पण त्याआधी माझाच एक प्रश्न असतो: भिंत कसली आहे?

पुण्यातल्या नव्या इमारतींत विटांच्या जागी एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे ठोकळे, सर्रास दिसतात. हलका, सच्छिद्र माल. ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरतं आणि साधा प्लॅस्टिकचा प्लग तितक्याच सहज बाहेर येतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात हेच झालं. ब्रॅकेट घट्ट बसली होती, मी हाताने ओढूनही पाहिली होती. तीन महिन्यांनी तिथल्या बाईंचा फोन आला, दांडा हलतोय. जाऊन पाहिलं तर भोकं लांबट झालेली आणि खाली पांढरा भुगा. कुणाला लागलं नव्हतं. पण सहा-सात वर्षांच्या मुली त्या दांड्याला धरून उभ्या राहायच्या, हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

शिक्षिका सांगतात, दांडा आवळू नका, नुसता हात ठेवा. नवशिक्या मुलीचा तोल गेला की ती तो ओढणारच. मोठ्या मुली त्यावर पाय टाकून ताण देतात. म्हणजे वजन नुसतं खाली नाही, बाहेरही ओढतं आणि तेही रोज. म्हणून ब्लॉकच्या भिंतीत मी केमिकल अँकर वापरते, म्हणजे भोकात चिकटणारं केमिकल भरून त्यात बोल्ट बसवते. पलीकडची खोलीही स्टुडिओचीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी. जिप्समचं पार्टिशन असेल तर बोर्ड लागण्याआधीच आतल्या फ्रेमला प्लायवूडचा जाड पट्टा बसवून घ्या. बोर्ड लागल्यावर मला बोलावलंत तर मी तो उघडायला लावते, मग रंग झालेला असला तरी.

आता उंची. मोठ्यांसाठी साधारण ४२ ते ४६ इंच, लहान मुलांसाठी ३२ ते ३६. दोन्ही वर्ग एकाच खोलीत होत असतील तर एकाच ब्रॅकेटवर दोन दांडे घ्या. हे माप तयार जमिनीपासून घ्यायचं. स्प्रंग फ्लोअर, म्हणजे उडीचा धक्का झेलणारी लाकडी जमीन, आणि वरचं व्हिनाइल पडलं की जमीन काही इंच वर येते आणि आधी लावलेला बार तेवढाच बुटका होतो. फरशीवरून माप घेऊन पस्तावलेले लोक मी पाहिलेत. शक्य असेल तर शिकणारी एखादी मुलगी उभी करा. कोपर किंचित वाकलेलं आणि खांदा सैल राहिला की उंची बरोबर.

दांडा दीड ते दोन इंच जाडीचा, गोल, हातात सहज मावणारा. मला लाकूड आवडतं, बीच किंवा सागवान. त्यावर चकचकीत पॉलिश नको, घामाच्या हाताला ते निसरडं होतं. भिंतीपासून निदान सहा-आठ इंच अंतर हवं. ब्रॅकेट चार-पाच फुटांवर. मुलीही साधारण तेवढ्याच अंतराने उभ्या राहतात, त्यामुळे २४ फुटांच्या भिंतीवर पाच-सहाजणींपेक्षा जास्त धरू नका. आरशाच्या भिंतीवर बार लावायचा हट्ट सोडा. काच भोकाशी तडकते, आणि दांडा नेमका आरशातल्या प्रतिमेला मधोमध कापतो.

जागा भाड्याची असेल, किंवा संध्याकाळी तिथेच कथकचा वर्ग असेल, तर सुटे, हलवता येणारे बार घ्या. त्यांचे पाय रुंद आणि जड असले पाहिजेत.

काम संपलं की केमिकल पूर्ण सुकेपर्यंत दांड्याला कुणी हात लावायचा नाही. मग मी परत जाते, दर दोन ब्रॅकेटच्या मधे दांडा धरून मागे झुकते, अंगाचं सगळं वजन टाकते. नंतरच स्टुडिओची किल्ली परत देते.