परवानगी कुणाची घेतलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘बंगल्यामागे मधमाश्यांची पेटी ठेवता, परवानगी कुणाची घेतलीत?’

कुणाची नाही. परसातल्या एका पेटीसाठी ती कुठे मागायची, तेच कुणी सांगेना. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयाचं काम मधमाशीपालन शिकवायचं, माझ्या शेजाऱ्यांची समजूत घालायचं नव्हे. मध विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी, मी वाटतो. उरलं भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेटी माझ्या ताब्यात. तिच्यातून उडालेली माशी कुणाच्या, ते वकिलांनी ठरवावं.

पण तुम्हाला कायदा नकोच असतो. त्या मार्चात काय झालं, ते हवं असतं.

सोसायटीच्या टाकीखाली आग्यामोहोळ बसलं होतं. आग्या पेटीत राहत नाही, माझ्याकडे सातेरी, पेटीत पाळतात ती. तरी सगळ्यांच्या तोंडी ‘तुमच्या माश्या’. थोडं थांबा, फुलोरा सरला की आग्या आपणहून उठतं, म्हटलं. सेक्रेटरींनी भरदुपारी फवारणीवाला बोलावला. मोहोळ उधळलं, वॉचमनला माश्या डसल्या, आणि मधानं भरलेलं पोळं तसंच लटकत राहिलं. फुकटचा मध सातेरी सोडते होय? तो विषारी मध तिनं घरी आणला. सकाळी पेटीच्या दारात माश्यांचा खच. सोंडा बाहेर आलेल्या, काही उताण्या पडून गरगरत होत्या. चौकट उचलली तर पिल्लं झाकायला माश्याच उरल्या नव्हत्या. राणी तेवढी फिरत होती, मूठभर कामकऱ्यांत. आठवड्यात तीही गेली.

त्याच आठवड्यात मीटिंग. विषय : माझी पेटी. फवारणीची परवानगी कुणी घेतली होती, हे कुणी विचारलं नाही. मी सोसायटीचे उपविधी टेबलावर आपटले, ‘दाखवा, मनाई कुठे लिहिलीय?’ शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, मला एकदा माशी चावली तर घसा सुजून आयसीयूत होते मी. यात माझ्यासाठी काय लिहिलंय?”

सातेरी गरीब असते, हे माझं ठरलेलं उत्तर होतं. तिथे ते तोंडातून निघेना. पण मग काय, एकाच्या नकारावर पेटी उचलायची? कधी वाटतं, हो, शेजाऱ्याला तेवढा हक्क हवाच. लगेच वाटतं, मग फवारणीलाही तोच नियम लावा, मी उद्या पेटी हलवतो. लावणार आहात?

पुढच्या हिवाळ्यात माश्यांची नवी वसाहत आणली. पेटीचं दार काकूंच्या फाटकाच्या उलट दिशेला, समोर मेंदीचं उंच कुंपण, म्हणजे माश्या वरून जातात. मातीच्या पसरट परळात खडे घालून पाणी, म्हणजे त्या कुणाच्या नळावर जात नाहीत. निदान कमी जातात. पेटी उघडायच्या आधी काकूंना फोन करतो, त्या खिडक्या लावून घेतात. लेखी संमती त्यांनी दिलेली नाही. मीही मागितलेली नाही.