आमची वाटचाल : अठरा दात की चौदा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे. आप्पांनी तिथे एक जुनं लेथ आणि गिअरचे दात कापणारं एक हॉबिंग मशीन टाकून पॉवरलूमची चाकं कापायला सुरुवात केली. क्रँक शाफ्टचं चाक, त्याच्या दुप्पट दातांचं बॉटम शाफ्टचं चाक, आणि सगळ्यात जास्त खपायचं ते चेंज व्हील. कापडात इंचाला आडवे धागे किती बसणार, हे त्या चाकाच्या दातांवर ठरतं. माल बदलला की चाक बदलायचं. चादरी-टॉवेलचे कारखाने जोरात होते तोवर आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. मग आसपासचे साधे लूम भंगारात जायला लागले आणि आमचं मशीन आठवड्यातून दोन दिवस चालू लागलं.

लॉकडाऊननंतर इलेक्ट्रिक बाइक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं जॉबवर्क मिळालं. आम्ही गाडी बनवत नाही, तिची चाचणी-मंजुरीही आमच्याकडे नाही. मोटर आणि चेन यांच्यामध्ये बसणारी गिअरची डबी तेवढी आमची. मोटरचे अडीच फेरे म्हणजे बाहेरच्या शाफ्टचा एक. पुढे १८ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक, मागच्या चाकाला ४२ दातांचं.

पहिल्याच उन्हाळ्यात अडलं. चाचणीची एक गाडी टॉवेलच्या गाठी पोचवणाऱ्या पोऱ्याकडे दिली होती. मे महिना, मागे ६० किलो माल आणि तुळजापूरचा घाट. मोटर तापली, मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरने करंट कापला आणि गाडी चढावर माणसाच्या चालीने चालायला लागली. त्याचा फोन आला, "दादा, हिला गिअर टाका की!"

मलाही पटलं. गिअर कापणाऱ्याला दुसरं काय सुचणार? भंगारातून १०० सीसीच्या गाडीचा चार गिअरचा बॉक्स आणला, मोटरमागे जोडला. यात आठ महिने आणि साडेतीन लाख रुपये गेले.

पहिल्या गिअरमध्ये गाडी घाट हसत चढली, हे खरं. पण सपाटीवर जो चालवायला घेईल तो तिसरा टाकायचा आणि दिवसभर तिसऱ्यातच फिरायचा. पेट्रोलच्या इंजिनाला गिअर लागतात, कारण ते थांबलेल्या अवस्थेत जोर देऊच शकत नाही आणि त्याचा खरा जोर फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच असतो. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते. एका मर्यादेनंतर फेरे वाढतात तसा जोर उतरत जातो, पण ताकद, म्हणजे जोर गुणिले फेरे, बरीचशी टिकते. म्हणजे एकाच रेशोत, मोटर आणि चाकाच्या फेऱ्यांच्या एकाच प्रमाणात, बहुतेक काम भागतं. वर क्लच न दाबता गिअर टाकला की मोटरच्या फिरत्या गाभ्याचा सगळा झटका आतल्या दातांवर. दोन वेळा दात उडाले. वजन सात-आठ किलोंनी वाढलं, तेल बदलणं आलं. आणि आवाज! इंजिनाच्या फटफटीत जो लपायचा तो गिअरचा किंचाळा आता गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

असं करणारे आम्हीच वेडे होतो असं नाही. अमेरिकेच्या ब्रॅमोने आपल्या एम्पल्स या इलेक्ट्रिक बाइकला सहा गिअर दिले होते. अहमदाबादच्या मॅटरची एरा चार गिअरची आहे. उलट बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ७७ एकाच रेशोवर पळते. इलेक्ट्रिक कारच्या फॉर्म्युला ई शर्यतींत २०१४ साली पाच गिअर होते, पुढे संघ एकाच गिअरवर आले. मोटर लहान, ओझं जड, रस्ता चढाचा आणि वर वेगही हवा असेल, तर गिअरचा फायदा नक्की आहे. हाताला-पायाला गिअरची सवय असलेल्यांना मजाही येते, तिला मी नावं ठेवणार नाही. पण बॉक्सच्या पैशात थोडी मोठी मोटर येत असेल, तर धंद्याच्या गाडीला मी मोटरच सुचवेन.

आप्पा हे सगळं लेथजवळच्या स्टुलावरून बघत होते. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "अरे, लूमला कधी गिअर टाकत बसलो का आपण? चाक बदलायचो."

मी कागद घेऊन बसलो. पुढचं स्प्रॉकेट १८ चं असताना एकूण रेशो ५.८३. तिथे १४ चं लावलं तर ७.५. तोच घाट, तेवढंच ओझं. मोटरला लागणारा जोर सुमारे २२ टक्क्यांनी कमी, म्हणजे करंटही साधारण तेवढाच कमी. मोटरच्या तारेच्या वेटोळ्यांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिथलं तापणं जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरलं. त्याची किंमतही आहे: मोटरचे ४००० फेरे धरले तर कमाल वेग ७८ वरून ६१ किलोमीटरवर येतो, आणि मोटर सतत जास्त फिरत असल्याने सपाटीवर तिच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज थोडी वाढते. पण गाठी घेऊन ७८ने कोण पळवतंय?

आता डबीचा रेशो तोच, ऑर्डर घेताना मात्र आधी विचारतो: ओझं किती, रस्ता कुठला, एकटा की डबलसीट? त्यावरून दात ठरतात. गावात फिरणाऱ्याला १८, ओझेवाल्याला १४. मधल्या १६ ला गिऱ्हाईक कमी. डबीत सरळ दातांऐवजी तिरपे दात कापले, आवाज बराच बसला. बेअरिंगवर बाजूचा दाब येतो म्हणून तीही बदलावी लागली आणि त्या खर्चावरून कंपनीशी अजून घासाघीस चालू आहे.

तो टॉवेलवाला १४ च्या स्प्रॉकेटवर खूश आहे. १८ चं त्याने कापडात गुंडाळून सीटखाली ठेवलंय. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मित्रांपुढे गाडी पळवायची असली की आदल्या दिवशी आमच्याकडे येतो. १४ लावताना चेनच्या दोन कड्या काढल्या होत्या, त्या परत जोडायच्या असतात. अर्ध्या तासाचं काम, पैसे आम्ही घेत नाही. चहा त्याचा.